मदत हवी आहे: सावळ्या चेहऱ्याचे फोटो, राखाडी प्रिंट आणि बायोडेटासाठी उजळ कॉपी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात फोटोग्राफीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॅशन आणि मेकअप हा विषय घेऊन केलेला माझा प्रोजेक्ट नुकताच पूर्ण झाला. फोटो निवडून झाले, टेस्ट प्रिंट हातात आल्या. आता प्रोसेस नोट लिहायला बसले आहे तर तीन गोष्टी मला पुढे जाऊ देत नाहीत. इथे मेकअप करणारे, लग्नाचे फोटो काढणारे, लॅब चालवणारे बरेच जण आहेत, म्हणून इथे विचारते आहे. पोस्ट लांबली आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाहीत.

विषय होता सावळ्या त्वचेचा मेकअप, आणि तोही रंग उजळ न दाखवता. मॉडेल म्हणून माझी होस्टेलची मैत्रीण उभी राहिली. ती लातूरकडची आहे, व्यावसायिक मॉडेल नाही. तिच्या आजीची चंद्रकळा, नऊवारी नेसून, खणाची चोळी, ठुशी आणि नथ असा साज ठरवला. काळ्या साडीत सावळी मुलगी हे मी मुद्दाम निवडलं. आपल्याकडे काळं नेसायचं ते संक्रांतीला, आणि सावळ्या मुलीला तेव्हाही कोणीतरी म्हणतंच, "तुला नको गं, अजून काळी दिसशील." मैत्रीण हे वाक्य लहानपणापासून ऐकत आली आहे. मला ती त्याच साडीत, तिच्याच रंगात, सुंदर दिसायला हवी होती. प्रोजेक्टमध्ये एवढं एकच म्हणायचं होतं.

लाइटिंगचं थोडं सांगते, कारण पहिला प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये काळी साडी आणि गडद पडदा असला की ते एक्स्पोजर वाढवतं आणि चेहऱ्याचा रंग उडतो. म्हणून ग्रे कार्ड (तेवढाच राखाडी पुठ्ठा) धरून रीडिंग घेतलं आणि सगळं मॅन्युअलवर केलं. मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) बाजूने, चेहऱ्याच्या अगदी जवळ. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल लावण्याऐवजी काळा कपडा टांगला. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीने उठून येतो, सावळ्या चेहऱ्याचा आकार चकाकीने उठतो असं माझं आता पक्कं मत झालं आहे. कपाळ, गालाचं हाड, वरच्या ओठाची कड, इथे उजेडाची बारीक रेघ आली की चेहरा जिवंत होतो. त्यामुळे पावडर थापून सगळं मॅट करायचं नाही, हे मेकअप करणाऱ्या मैत्रिणीशी आधीच बोलून ठेवलं होतं.

तिचं काम बघण्यासारखं होतं. तोंडाभोवती आणि डोळ्यांखाली जिथे त्वचा जास्त गडद असते तिथे तिने नारिंगी करेक्टर अगदी बोटाच्या टोकाने टिपलं, त्यावर पिवळसर-सोनेरी अंडरटोनचं फाउंडेशन. शेड मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला, खिडकीच्या उजेडात बघून ठरवली. मग कान, मान आणि हातांची बोटंसुद्धा. नथ सावरताना हात चेहऱ्याजवळ येतो, तेव्हा दोन्हींचा रंग एकच दिसला पाहिजे, हा तिचा आग्रह. लग्नाच्या अल्बममध्ये गोरा चेहरा आणि सावळे हात आपण किती वेळा बघतो! त्या बोटांचा आणि नथीचा क्लोजअप हा मला सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात आवडता फोटो आहे.

आता प्रश्न.

पहिला. टेस्ट प्रिंट मॅट पेपरवर काढून घेतल्या. स्क्रीनवर त्वचेत जो तांबूस उबदारपणा आहे तो प्रिंटमध्ये गेला आहे. चेहरा राखेसारखा आणि साडीच्या निऱ्या एकमेकींत मिसळून नुसता काळा पट्टा. लॅबमधल्या माणसाने सांगितलं, "चेहरा थोडा ब्राइट करून आणा, छान येईल." तेच तर मला करायचं नाही. रंग न बदलता प्रिंट सुधारेल का?

दुसरा. अंतर्गत परीक्षणात हाच सूर निघाला: फोटो उत्तम आहेत, पण चेहरा अर्धा स्टॉप उचला, म्हणजे एक्स्पोजर थोडं वाढवून उजळ करा. त्यामुळे प्रोसेस नोटमध्ये मला माझा निर्णय नीट मांडावा लागणार आहे. कोडॅकची शर्ली कार्डं वाचून माहीत आहेत. लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो प्रमाण धरायचे आणि गडद त्वचेचे बारकावे त्या मापात बसायचे नाहीत. पुढे फिल्ममधले तपकिरी रंग सुधारले, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारीही होत्या. आपल्याकडे १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातून फेअर हा शब्द जायला २०२० उजाडलं. हे सगळं नोटमध्ये आणावं का? आणलं तर माझे फोटो त्याखाली दबून जातील असं वाटतं, आणि नाही आणलं तर ही फक्त माझी आवडनिवड वाटेल.

तिसरा प्रश्न फोटोग्राफीचा आहे की नाही, ठाऊक नाही. मैत्रिणीने घरी फोटो दाखवले. काकूंना ते मनापासून आवडले. त्यांनी मला फोन केला, भरभरून बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "बाळा, यातलाच एक थोडा उजळ करून दे ना. स्थळं बघायला सुरुवात करतोय, बायोडेटाला लावू." मी "बघते काकू" म्हणाले. त्यांच्या घरी मी जेवले आहे, राहिले आहे. साडी त्यांनीच आजीच्या ट्रंकेतून काढून, धुवून, इस्त्री करून पाठवली होती. त्यांना नाही म्हणणं जड जातंय. आणि हो म्हटलं तर मग हा प्रोजेक्ट मी कशासाठी केला? तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, सोलापुरात बरीच वर्षं लॅब चालवली आहे. चेहऱ्याला हात लावू नका. मॅट पेपरचा सगळ्यात गडद काळा हा लस्टर (किंचित चकाकीचा पेपर) किंवा ग्लॉसीच्या काळ्याइतका खोल जात नाही. गोऱ्या चेहऱ्याच्या, हलक्या रंगाच्या फोटोत ते कळत नाही. तुमच्या फोटोत साडी, पडदा आणि त्वचा सगळंच खालच्या टोनमध्ये आहे, म्हणून सगळं एकत्र चिकटलं. लस्टरवर काढून बघा, निऱ्या सुट्या होतील.

दुसरं, फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे ती माहिती) जोडून द्या. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल प्रोफाइलशिवाय गेली की रंग फिकट आणि मेलेले येतात. तुमचा तांबूसपणा तिथेच गेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तिसरं आणि महत्त्वाचं. लॅबला स्पष्ट सांगा, "करेक्शन बंद ठेवून प्रिंट द्या." मशीनचं ऑटो करेक्शन किंवा ऑपरेटरचा हात चेहरा उजळवायला जातो, कारण रोजच्या शंभर गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. आणि तुमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास आणा. लॅपटॉप फुल ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलं की प्रिंट अंधारी वाटणारच. आधी एकाच फोटोची छोटी टेस्ट स्ट्रिप काढा, सगळे मोठे प्रिंट एकदम देऊ नका.

प्रतिसाद

मी नाशिकला ब्रायडल मेकअप करते. तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा, कान आणि बोटं करणारी मुलगी पुढे जाईल. एक तपासा: राखाडी झाक प्रिंटमध्येच आहे की रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) मोठी करून बघितली तरी कपाळावर दिसते? फाइलमध्ये असेल तर सनस्क्रीन किंवा सेटिंग पावडर कारण असू शकते. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, आणि एचडी पावडरमधलं सिलिका फ्लॅशखाली पांढरट चमकतं, आणि सावळ्या त्वचेवर ते आधी दिसतं. आरशात काही कळत नाही. फाइल स्वच्छ असेल तर वरचे दादा म्हणतात तेच.

काकूंबद्दल. माझ्याकडे दर सीझनला नवरीची आई हळूच येऊन सांगते, "दोन शेड वरचं लावा." मी नवरीला विचारते. बहुतेक वेळा ती आईकडे बघते आणि गप्प बसते. पण जिने एकदा स्वतःच्या शेडचा मेकअप करून आरशात बघितलं, तिने परत कधी वरची शेड मागितलेली मला आठवत नाही. तुम्ही काकूंशी बोलताय, मैत्रिणीशी बोललात का?

प्रतिसाद

थोडं वेगळं मत मांडतो. मी दोन मुलींचा बाप आहे. त्या माउलीने काही गुन्हा केलेला नाही. मुलीला नकार येतील, त्याचं दुखणं तिला आत्तापासून दिसतंय. तुझा प्रोजेक्ट परीक्षेसाठी आहे, तिच्यासाठी तो मुलीचा संसार आहे. तिला शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. मात्र उजळ फोटो पाठवून जमलेल्या स्थळाचं पुढे काय होतं तेही सांगतो. माझ्या थोरलीच्या वेळी फोटो स्टुडिओवाल्याने आपणहून गोरा करून दिला होता. बघायला आलेली मंडळी पोहे खाता खाता फोटो आणि पोरगी आलटून पालटून बघत होती. पोर आत जाऊन रडली. तेव्हापासून घरात नियम केला, फोटो जसा आहे तसा. काकूंना हे एखाद्या वडीलधाऱ्याकडून कळलं तर पटेल, तुझ्याकडून नाही. हवं तर माझ्या नावाने सांग.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण मी अशा नोट्स तपासत आले आहे. शर्ली कार्डाला दोन ओळी पुरतात. परीक्षकाला इतिहास माहीत असतो, त्याला तुमचा निर्णय बघायचा असतो. तुम्ही वर जे लिहिलंय, मीटरचं रीडिंग, काळा कपडा, जबड्याच्या कडेला बघितलेली शेड, चकाकीने उठणारा आकार, हीच तुमची नोट आहे. उचलून तिथे ठेवा. त्यापुढे एकाच फोटोच्या दोन प्रिंट शेजारीशेजारी लावा. एक तुमची, एक अर्धा स्टॉप उचललेली. उचललेलीत गालाच्या हाडावरची ती बारीक रेघ बाकीच्या त्वचेत विरघळेल आणि चेहरा सपाट होईल. सूचना गंभीरपणे घेऊन, करून बघून नाकारली आहे, हे त्यातून दिसेल. वाद घालायची गरजच पडणार नाही.

आणि संदर्भ द्यायचाच तर जवळचा द्या. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता. देशात रंगीत प्रसारण आलं १९८२ साली. त्या राखाडी पडद्यावरही त्या सावळ्या चेहऱ्यावरून नजर हलायची नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींना आपला रंग पहिल्यांदा बरा वाटला तो तेव्हा.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक सांगते.

लॅबवाले दादा आणि नाशिकच्या ताई, रॉ फाइल शंभर टक्के मोठी करून बघितली, कपाळ स्वच्छ आहे. ज्या मशीनवर प्रिंट निघाल्या तिथे चौकशी केली तर ऑटो करेक्शन कायम चालूच असतं असं कळलं. एका फोटोची टेस्ट स्ट्रिप लस्टरवर, करेक्शन बंद ठेवून काढून घेतली. निऱ्या दिसतात! काठाची बारीक रेघसुद्धा दिसते. त्वचेचा तांबूसपणा पूर्ण नाही, पण बराच परत आला आहे. उरलेल्यासाठी लॅबकडून त्यांच्या पेपरचं आयसीसी प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे उमटतात ती फाइल) मागितलं आहे, सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे प्रिंट कशी येईल ते आधी स्क्रीनवर बघेन.

मॅडम, दोन प्रिंट शेजारी लावायची कल्पना तशीच्या तशी घेते आहे. अर्धा स्टॉप उचलून बघितला. तुम्ही म्हणालात तसंच झालं, गाल सपाट झाला आणि नथीचे मोती चेहऱ्यापेक्षा वेगळे दिसेनात. हे नोटमध्ये याच शब्दांत लिहिणार आहे.

आणि ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. मी मैत्रिणीशी या विषयावर नीट बोललेच नव्हते, काकूंचा फोन आल्यापासून तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून टाळत होते. काल रात्री गच्चीवर बसून बोललो. ती म्हणाली, "उजळ करायचा नाही. आईशी मी बोलते. पण चंद्रकळेतला फोटो बायोडेटाला चालणारच नाही गं, स्थळासाठी काळी साडी कोण पाठवतं? आईचं निम्मं दुखणं तेच आहे." हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. मग आमचं ठरलं की बायोडेटासाठी वेगळा फोटो काढायचा, रंगीत साडीत, मेकअप तिच्याच शेडचा. काकांची पोह्यांची हकिकत मी तिला वाचून दाखवली. ती काकूंना सांगणार आहे, काका, तुमचं नाव न घेता, "एका ओळखीच्यांकडे असं झालं" म्हणून.

त्यामुळे आता एक नवा प्रश्न. काकूंनी दोन इरकल काढून ठेवल्या आहेत, एक गर्द हिरवी आणि एक डाळिंबी, दोन्हींना तांबडा टोपपदर. दिवसा होस्टेलच्या व्हरांड्यात, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा आहे, फ्लॅश वापरणार नाही. व्हरांड्याची भिंत पोपटी आहे, तिचा हिरवा उजेड गालावर पडेल अशी मला भीती वाटते. मागे पांढरी चादर लावली तर मीटर आता उलट्या बाजूला ओढेल, ते मी सांभाळेन, पण साडी कोणती घ्यावी? मेकअपवाल्या मैत्रिणीचं मत डाळिंबी, काकूंचं हिरवी.