अनुभव लिहा : कारल्यानं काय फायदा झाला, काय जपावं लागलं?

मांडवावर कारली लगडली की आपल्या मराठवाड्यात जो तो सांगू लागतो, शुगर आहे ना, रस घ्या. ऐकीव नको, घरात प्रत्यक्ष घडलेलं लिहा. गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

लातूर
वडिलांना ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. त्यात सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रसही घेऊ लागले. एकदा शेतातच दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले. सोबतच्या गड्यानं गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी शुगर उतरवतेच, वरून कारल्याचा रस आणि पोट रिकामं, मग शुगर कोसळणारच. आता रस बंद. भाजी जेवणात असतेच.

परभणी
आमच्याकडं भरलं कारलं ज्वारीच्या भाकरीसोबत. शेंगदाण्याचा कूट, तीळ, काळा मसाला, चिंच. सासूबाई मीठ लावून घट्ट पिळू देत नाहीत; पाण्याबरोबर क जीवनसत्त्व जातं, ते खरंच आहे. शुगरवाल्यांच्या वाट्याला गूळ घालत नाही. ढीगभर गूळ घातल्यावर कारलं खाऊन काय उपयोग?

जालना
आईला भाजी मनापासून आवडते, पोटही साफ राहतं. पण तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीत फरक दिसला नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही (उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) मधुमेहावर कारलं गुणकारी म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. गोळी सोडू नका, एवढं कळकळीनं सांगते.

बीड
मी आरोग्य केंद्रात काम करते. कारलं-दुधीचा एकत्र रस पिणारे बरेच भेटतात, त्याची मला फार भीती वाटते. कारलं कडूच असतं, पण दुधी कडू निघाला तर तो विषारी असू शकतो. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, जिवावर बेतलेलंही आहे. दोन्ही मिसळल्यावर दुधीचा कडवटपणा कळणार कसा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही सांगितलंय : दुधीची फोड आधी चाखा, कडू लागली तर फेकून द्या आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका.

हिंगोली
भाच्याला जी-६-पी-डीची कमतरता आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी आहे. कारल्याच्या बियांत व्हायसिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं अशांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. त्याच्या ताटात कारलं वाढत नाही.

नांदेड
वहिनी गरोदर असताना शेजारच्या काकूंनी कारल्याच्या पाल्याचा काढा सुचवला होता. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी काढा, रस आणि बिया तिन्ही बंद सांगितले. चवीपुरती भाजी मात्र चालेल म्हणाल्या.