दुःखिताजवळ बसायला चर्चच्या सभासदांना शिकवावं का, की ते पाळकांचंच काम?

जुनाबाजारकर
बाबांच्या दफनानंतर आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग चर्चच्या प्लास्टिकच्या खुर्च्या परत गेल्या, तशी माणसंही गेली. तिसऱ्या महिन्यात आई रात्री दोन वाजता ओट्याशी उभी राहून धुतलेलेच डबे पुन्हा पुसायची. पाळकसाहेबांकडे चार गावच्या चर्चच्या मंडळ्या. ते दोनदा आले, स्तोत्र २३ वाचलं, चहा घेतला, गेले. त्यांना दोष देत नाही.

म्हणून कमिटीपुढे मांडणार आहे की सभासदांतलेच आठ-दहा जण तयार करू. अमेरिकेत सेंट लुइसला केनेथ हॉक या पाळकाने (ते मानसशास्त्रज्ञही) १९७५ मध्ये आपल्या मंडळीत हेच सुरू केलं, ‘स्टीफन मिनिस्ट्री’ नावाने. ५० तासांचं प्रशिक्षण, मग एकाने एकाचीच सोबत करायची, आठवड्याला तासभर. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. नाव स्तेफनावरून. बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: विधवांची हेळसांड होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण नेमायला लावले, त्यांतला एक स्तेफन. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही.

कोपऱ्यातला_बाक
त्या सातांना पंक्तिसेवेला नेमलं होतं, लोकांच्या घरातलं ऐकायला नव्हे.

माझा विरोध आहे. आपली दीडशे घरं, त्यातली निम्मी एकमेकांची सोयरी. आज मी कुणापुढे रडलो की पोरगा पितो, तर उद्या त्याचं जमत आलेलं लग्न मोडेल आणि कुणी मोडलं ते कळणारही नाही. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ म्हणत आपल्याकडे काय काय पसरलंय ते तुम्हालाही माहीत आहे. पाळक निदान बदली होऊन जातात, सोबत आपली गुपितं घेऊन!

वसईची_लेक
आम्ही कॅथलिक. पापनिवेदन फादरच ऐकतात, आणि त्यातलं बाहेर काढायची त्यांना सक्त मनाई. पण माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा मला पाप सांगायचंच नव्हतं. शेजारची बाई रोज दुपारी यायची, माझ्यासमोर लसूण सोलत बसायची. एक वचन नाही, एक उपदेश नाही. तिला कुणी शिकवलं होतं? ५० तास कशाला?

साता_समुद्रापार
ताई, तुमच्या शेजारणीसारखी माणसं कमी, माझ्यासारखी जास्त, म्हणून. मी इथे अमेरिकेत ते ५० तास केलेत. पहिल्याच सरावात समोरचा नोकरी गेल्याचं सांगत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘देवाची काही योजना असेल’ म्हणून मोकळा. शिकवणाऱ्या बाईंनी थांबवून विचारलं, “हे त्याच्यासाठी बोललात की स्वतःला सुटायला?” कान लाल झाले माझे.

बाक, गुपिताचं म्हणाल तर महिन्यातून दोनदा आम्ही सोबत करणारे एकत्र बसतो. तिथेही समोरच्याचं नाव काढायचं नाही, आपलं कुठे अडतंय तेवढंच बोलायचं. कोण कुणाला भेटतं हे मंडळीत सांगत नाहीत.

ऐकणारी
मी समुपदेशक आहे. जरूर शिकवा, पण कुठे थांबायचं तेही शिकवा. ‘तुझा क्रूस आहे, वाहा’ असं ऐकून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाया माझ्यासमोर बसतात. मारहाण असो की जीव द्यायची भाषा, नुसती प्रार्थना करून घरी यायचं नाही. डॉक्टर गाठायचा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि गुप्ततेला हा अपवाद आहे, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं.

कोपऱ्यातला_बाक
ताईंचं पटलं. अमेरिकेचं नाही. आमच्या गल्लीत गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या दारात कुणाची स्कूटर किती वेळ होती, ते समोरच्या मावशी मिनिटांसकट सांगतात.

जुनाबाजारकर
मग अदलाबदल करू. आपले जातील राहुरीच्या मंडळीत, तिथले येतील आपल्याकडे. आणि कमिटीतल्या एकालाही घ्यायचं नाही. (मीही कमिटीत आहे, तरी म्हणतो.)

कोपऱ्यातला_बाक
राहुरीत माझ्या दोन चुलत बहिणी दिल्यात. श्रीरामपूर बघा.