मदत हवी आहे: फळमाशीतलं यूबीएक्स (शरीराच्या खंडाची ओळख ठरवणारं जनुक) काढल्यावर चार पंख येतात ना? मग आकृती चूक कशी?

पंचगंगा_काठ: उद्या ११ ला सेमिनार आहे, प्लीज लवकर सांगा. यूबीएक्स गेलं की तिसरा वक्षखंड (छातीचा खंड) दुसऱ्यासारखा, म्हणजे पंखांचा होतो, म्हणून मी आकृतीत चार पंख रेखाटले. सरांनी लाल रेघ मारली. पुस्तकात तर चार पंखांच्या माशीचा फोटो आहे!

राजारामपुरीकर: प्रश्न शब्दशः टाका. प्रौढ माशी की भ्रूण?

शिरोळचा_बागायतदार: फळमाशीला मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. माझ्या पेरूच्या बागेला चांगला फरक पडला.

गुळाची_बाटली: दादा, ती बॅक्ट्रोसेरा, वेगळी माशी. इथं ड्रोसोफिला चाललीय, पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती बारकी चिलटं. आम्ही ती बाटलीत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून वाढवतो.

शिरोळचा_बागायतदार: गूळ कुठला घेता? रसायनाचा नको, गुऱ्हाळावरनं काळा आणा.

जुना_प्राध्यापक: मुळात खंड पाडणाऱ्या जनुकांपासून, बायकॉइडपासून वाचा. आईनं अंड्यात ठेवलेला आरएनए, मग हंचबॅक, क्रुपेल, मग ईव्हन-स्किप्डचे ७ पट्टे, एन्ग्रेल्डचे १४. पाया कच्चा असला की असं होतं.

गुळाची_बाटली: सर, ते खंड पाडायचं काम झालं. इथं प्रश्न खंडाच्या ओळखीचा आहे. यूबीएक्स गेलं तरी खंडांची संख्या तेवढीच राहते.

जुना_प्राध्यापक: पण १९९५चं नोबेल खंडांच्या ओळखीवर काम करणाऱ्या एड लुईस यांच्याबरोबर खंड पाडणारी जनुकं शोधणाऱ्या न्यूस्लाइन-फोल्हार्ड आणि विशाउस यांनाही मिळालं. दोन्ही एकत्रच शिकावं.

पंचगंगा_काठ: प्रश्न असा होता: "यूबीएक्स पूर्ण निकामी असलेल्या समयुग्मजी भ्रूणाची पोटाकडची त्वचा रेखाटा." (समयुग्मजी म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशाच.) त्यानं काय फरक पडतो?

गुळाची_बाटली: अगं ताई, सगळी गोम तिथंच आहे! असा जीव प्रौढ होईपर्यंत जगतच नाही, मग पंख कुठून येणार? फोटोतली माशी एड लुईस यांनी बायथोरॅक्स, पोस्टबायथोरॅक्ससारखे बिघाड एकत्र आणून मिळवली. त्यात प्रथिनाचा भाग शाबूत असतो, फक्त तिसऱ्या वक्षखंडात जनुक चालू करणारे स्विच बिघडलेले असतात.

तुला भ्रूणाच्या त्वचेवरच्या काट्यांच्या पट्ट्या काढायच्यात. सूक्ष्मदर्शकाखाली वक्षावरचे काटे बारीक, विरळ दिसतात, उदराच्या खंडांवरचे जाड, गडद. पूर्ण निकामी भ्रूणात टी३ (तिसरा वक्षखंड) आणि ए१ (पहिला उदरखंड) दोन्हीकडं टी२सारखी (दुसऱ्या वक्षखंडासारखी) बारीक पट्टी येते.

पंचगंगा_काठ: पण जनुकच नाही तर त्या जागी काहीच यायला नको ना?

राजारामपुरीकर: यूबीएक्स तिथं अँटेनापीडिया या दुसऱ्या जनुकाला दाबून ठेवतं. ते गेलं की अँटेनापीडियाचा अंमल चालतो आणि टी२ची ओळख मिळते.

पंचगंगा_काठ: पुन्हा काढली. टी३, ए१ टी२सारखे. ए२ पण बदलू का?

गुळाची_बाटली: ए२ ला हात लावू नको. तिथं अ‍ॅबडॉमिनल-ए हे वेगळं जनुक आहे, ते ए२ची ओळख राखतं.