सात कुटुंबांनी मिळून एकच जमीन घ्यायची आणि एकत्र राहायचं, आपल्या भागात टिकेल का हे?

माळावरचा_वेडा:
आम्ही सात कुटुंबं, कोण पुण्यात, कोण बेंगळूरला, दोघं इथंच बेळगावात उद्यमबागेत कामाला. जांबोटीच्या बाजूला सहा एकर बघून ठेवलंय, निम्मी भातजमीन निम्मा माळ. डोक्यात असं आहे की जमीन सगळ्यांची एक, मध्ये बांध नाही, घरं माती आणि चिऱ्याची, रसायन बंद, पाणी शेततळ्यात, पंप-ट्रॅक्टर-गाडी सामायिक आणि रात्रीचं जेवण एका स्वयंपाकघरात. पैशाचं जमतंय, घरचे एकाच वाक्यावर अडलेत, भाऊ-भाऊ एका बांधावर नांदत नाहीत तर परकी माणसं काय नांदणार. माझं उलट मत आहे, परकीच नांदतील, कारण ती ठरवून एकत्र येतात, जन्मानं अडकलेली नसतात. पटत नसेल तर का ते लिहा, नुसतं 'यूट्यूब बघून बिघडलास' नको.

उचगावचा_बंडू:
बिघडलास म्हणत नाही, पण पहाणी, म्हणजे आपला सातबारा, कुणाच्या नावावर करूलालास ते आधी सांग. सात नावं एका पहाणीत घातलीस की पोडी होऊन हिस्से वेगळे होईपर्यंत पीककर्ज असू दे नाहीतर नुकसानभरपाई, सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं, त्यात एक गेला दुबईला की बस बोंबलत. आमच्यात आज्जाच्या नावची जमीन अजून चार काकांच्यात एकत्रच हाय, एकानं वाटणी काढली तर अकरा ई स्केच म्हणजे हिश्श्याचा मोजणी नकाशा लागतो, सर्व्हेयर कधी येतोय बघत बसा. प्रेमानं घेतलेली जमीन पोरांच्या पिढीत कोर्टात जाते, बेळगावच्या किती वकिलांचं पोट त्याच्यावर चाललंय.

माळावरचा_वेडा:
त्यासाठीच संस्था काढून तिच्या नावावर घ्यायची असं चाललंय, वकिलाला विचारतोय. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातली 79 अ आणि 79 ब कलमं 2020 च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळं शेतकरी नसलेल्यांनाही आता रस्ता मोकळा आहे.

कणकुंबीचा_पाऊस:
तेच तर आमचं दुखणं आहे रे. ती कलमं होती तेव्हा ज्याचं शेतीबाहेरचं उत्पन्न वर्षाला 25 लाखांच्या वर त्याला शेतजमीन घेता येत नव्हती, शेतकरी नसलेल्यालाही नाही. पळवाटा होत्या, नव्हत्या असं नाही, पण आता राजरोस बेंगळूरच्या, गोव्याच्या गाड्या येऊन एकरांत सौदे करतात आणि गावातल्या पोराला अर्धा एकर घ्यायचा म्हटला तरी दर ऐकून घरी परत यावं लागतं. तुमचं शाश्वत जगणं म्हणजे आमच्यासाठी वाढलेला दर, एवढंच. आणि मध्ये बांध नाही म्हणतोस, पण बाहेरून कुंपण घालणार की नाही? गवे येतात म्हणून सोलर झटक्याची तार ओढाल आणि आमच्या म्हशींची माळावर जायची वाट बंद. ती वाट कुठल्या कागदावर नाही, पण पिढ्यान्पिढ्या आहे.

ऑरोविल_बघून_आलेला:
दोन्ही बाजूंना विचारतो. पुदुच्चेरीजवळचं ऑरोविल 1968 ला सुरू झालं, 50,000 माणसांचं नगर म्हणून, अर्ध्या शतकानंतरही वस्ती साडेतीन हजारांच्या आतच आहे. पडीक लाल माती होती तिथं जंगल उभं केलंय, हे काम खरंच मोठं आहे. पण 1988 ला संसदेत कायदा करून सरकारला आत यावं लागलं आणि 2021 च्या डिसेंबरात रस्त्यासाठी झाडांवर बुलडोझर आले तेव्हा तिथली माणसंच दोन गटांत उभी होती. झाडं जगवणं जमतं, भांडण कुठं नेऊन मिटवायचं ते जमत नाही. तुमच्या सातांच्यात ते लिहून ठेवलंय का? कोणी मध्येच सोडून गेला तर त्याचा हिस्सा कुठल्या दरानं परत, आजच्या की घेतला तेव्हाच्या?

कडोलीकर_मामा:
एवढ्या लांब कशाला जायचं, एकत्र राहणं आपल्याकडं हाय की. लावणीला पैरा करतोच ना, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, पैसा नाही काही नाही. लक्ष्मीची यात्रा धरली की वार पाळणूक, त्या दिवशी अख्ख्या गावात कोण औत जुंपत नाही, पोलीस लागत नाही त्याला. वर्गणी घरटी ठरते आणि येते. तुम्ही शहरातली सात डोकी नवा समाज काय उभा करणार, आहे त्या गावात येऊन रहा, चार वर्षं वाट्यानं शेती करा, मग बोला.

शहापूरची_सून:
मामा, वर्गणी कोण ठरवतं? पंच. पंचात किती बाया बसतात? माझ्या माहेरी बैठक देवळात, बायका बाहेरच्या कट्ट्यावर आणि निर्णय घरी आल्यावर कळायचा. कुठल्या गल्लीतल्या माणसानं कुठल्या विहिरीवर जायचं नाही हेही ह्याच गावकीनं ठरवलं होतं की. पोलीस लागत नाही कारण वाळीत टाकायची भीती पुरते. म्हणून जे नव्यानं काही करायला निघालेत त्यांच्या बाजूनं मी आहे, गावात मिसळा म्हणजे जे आहे ते मुकाट घ्या असं होणार असेल तर नको.

कडोलीकर_मामा:
आता तसलं राहिलंय कुठं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्याच हायत.

शहापूरची_सून:
ग्रामपंचायत वेगळी, गावकी वेगळी. तुम्हाला चांगलं माहीत आहे.

उचगावचा_बंडू:
आणि मामा, वाट्यानं कर म्हणणं सोपं हाय. 1974 च्या कूळकायद्यानंतर कर्नाटकात शेतजमीन खंडानं देणंच कायद्यात बसत नाही, सगळं तोंडी. कसेल त्याची जमीन झाली त्यात आमच्या आज्जाला जमीन मिळाली, चांगलंच झालं, पण तेव्हापासून जो तो भितो, कसायला दिली की गेली. रान पडीक पडू दे पण कुणाला द्यायची नाही. मग हे बाहेरचे लोक विकत घेणार नाहीत तर काय करणार?

ऑरोविल_बघून_आलेला:
म्हणूनच गडचिरोलीच्या मेंढा लेखाचं नाव काढावंसं वाटतं. 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला, 2013 ला शेतजमीनसुद्धा ग्रामसभेच्या नावावर करायचं ठरवलं. तिथं बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. पण ते गोंडांचं जुनं गाव, माणसं कुठं सोडून जाणार नाहीत, तेवढा वेळ त्यांच्याकडं आहे. तुमच्यातला बेंगळूरवाला रविवारी रात्रीची बस पकडणार.

माळावरचा_वेडा:
बसचं टोचलं, पण खरं आहे, दोन कुटुंबं सुरुवातीला शनिवार-रविवारच येणार आहेत. तरी मामांचं पटत नाही, गाव तयार आहे म्हणून नवीन काही करूच नये हे कसं. म्हशींची वाट मात्र मी लिहून देईन, नकाशात दाखवून सोडू. हिस्सा सोडणाऱ्याला घेतलेल्या दरात बँकेचं व्याज धरून, बाजारभाव नाही, हे आम्ही ठरवलंय. स्वयंपाकाला गावातली एक बाई पगारावर ठेवायची, म्हणजे आमच्या बायकांवर बोजा नको.

कणकुंबीचा_पाऊस:
नकाशातली वाट किती फूट? दोन म्हशी समोरासमोर आल्या तर निघाल्या पाहिजेत. आणि मातीच्या भिंतींचं एकदा परत बघ, 2019 च्या ऑगस्टात किती घरं बसली ते इथं सगळ्यांनी बघितलंय. खाली चिरा घाल, वळचण लांब काढ.

शहापूरची_सून:
मी तुमच्या बाजूनं होते, पण पगारावर बाई हे वाचून थांबले. सात कुटुंबं मालक, जेवण एकत्र, काम सगळ्यांचं, आणि आठवी रोज संध्याकाळी खालच्या वाडीतून चालत येणार, चाळीस ताटं घासून परत जाणार. तिचं नाव तुमच्या त्या संस्थेत घालणार आहात का?