ग्लायफोसेट, द्राक्षवेल आणि ते एक विकर

‘ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त तणालाच मारते, मग निफाडकडच्या बागेत वेलीची पाने का पिवळी पडली?’ असे विचारणाऱ्यांनी ते माणसाला निर्धोक असल्याचेही म्हटले आहे; या दोन्हींबाबत थोडी भर घालतो.

ग्लायफोसेट तण आणि पीक असा भेद करत नाही. ते ईपीएसपी सिंथेज या विकराला (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) अडवते. शिकिमेट मार्गातील, म्हणजे वनस्पती ज्या रासायनिक टप्प्यांनी काही अमिनो आम्ले बनवतात त्यांतील, हे विकर शिकिमेट-३-फॉस्फेट आणि फॉस्फोइनॉलपायरुव्हेट यांना जोडते, आणि ग्लायफोसेट नेमकी या दुसऱ्या रेणूची जागा बळकावते. परिणामी फेनिलअलॅनिन, टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही तिन्ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) तयार होणे थांबते. हा मार्ग हरळीत आहे तसाच द्राक्षातही आहे. किंबहुना काळ्या द्राक्षांचा रंगही फेनिलअलॅनिनपासूनच पुढे घडतो. त्यामुळे वाऱ्याने उडालेले तुषार खोडाजवळच्या हिरव्या फुटीवर पडले, तर औषध अन्नरसाबरोबर वाढत्या शेंड्यांपर्यंत पोहोचते आणि कोवळी पाने आधी पिवळी पडतात.

मातीच्या कणांना ते घट्ट चिकटते, म्हणून मुळांवाटे वेलीत जाण्याची भीती तुलनेने कमी. गढूळ पाण्यात कालवलेले औषध निकामी ठरते तेही याचमुळे.

माणसात हा मार्ग नाही, हे विचारणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून ग्लायफोसेट निर्धोक ठरवणे मला घाईचे वाटते, कारण आपल्या आतड्यातील अनेक जिवाणूंमध्ये तो आहे आणि बाजारातील मिश्रणात इतर द्रव्येही असतात.