मदत हवी आहे: बेन्नूवरचे दगड मोजताना सावल्यांमुळे अडलोय

नमस्कार मंडळी,

'ओसायरिस-रेक्स' यानाने टिपलेल्या छायाचित्रांवरून मी बेन्नू लघुग्रहावरचे दगड मोजतोय. डिसेंबर २०१८ मध्ये यान पोचेपर्यंत तिथे बरीचशी बारीक रेती असेल असा अंदाज होता. निघाला दगडांचा खच! तेव्हापासून हा लघुग्रह मनातून जात नाही.

संपूर्ण पृष्ठभागाचा जोडनकाशा (अनेक छायाचित्रं जोडून केलेला नकाशा) पिक्सेलला सुमारे ५ सेंटीमीटर इतका बारीक आहे, म्हणजे अर्ध्या मीटरचा दगड जेमतेम दहा पिक्सेल. अडचण उजेडाची आहे. ऊन तिरकं असलं की मोठे दगड उठून दिसतात, पण त्यांच्या सावलीत शेजारचे लहान गडप होतात. सूर्य यानाच्या पाठीशी असला की सावल्याच नाहीत, आणि बेन्नू मुळात कोळशासारखा काळा, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्केच परत फेकणारा. दगडाची कड कुठे संपते तेच कळत नाही. एकच दगड दोन चित्रांत मला वेगवेगळ्या लांबीचा मिळाला.

तुम्ही कोणत्या कोनातली चित्रं निवडता? किती पिक्सेलपेक्षा लहान दगड सोडून द्यावेत? आणि कडेकडेच्या भागात, जिथे पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून वळलेला असतो, तिथली मापं चित्र बेन्नूच्या त्रिमितीय (थ्री-डी) प्रारूपावर बसवूनच घ्यावीत का? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.