समुद्रकड्यांवरचा एक दिवसाचा ट्रेक: गाइडला आधी काय विचारावं?

पायवाट:
दहा जण आणि एक गाइड. १२ किमी, बहुतेक वाट कड्याच्या माथ्यावरून. मध्ये ८०० मीटरचा टप्पा खाली, कड्याच्या पायथ्याने. नकाशावर सगळ्यात उंच जागा जेमतेम १२० मीटर, तरी गाइड सहा तास सांगतोय. निघायची वेळही बदलायला तयार नाही. एवढा वेळ खरंच लागतो का?

घसारा:
लागतो. सर्वोच्च उंची पाहू नका, एकूण चढ विचारा. समुद्राला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यापाशी वाट खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. शंभर-शंभर मीटरच्या सहा घळी आल्या की ६०० मीटर चढ झालाच. ताशी ४ किमीने ३ तास, ६०० मीटर चढाला वरचा १ तास, शिवाय थांबे, जेवण आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग. माथ्यावर सावली नसते, त्यामुळे माणशी ३ लिटर पाणी हवंच.

उधाण:
निघायची वेळ त्या ८०० मीटरसाठी धरलेली असणार, म्हणून ती हलवायला सांगू नका. पायथ्याच्या टप्प्यात पाणी उतरत असतानाच शिरायचं, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी. भरती सारख्या वेगाने चढत नाही. भरती-ओहोटीच्या पातळीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात ३०-३५ सेंमी चढते, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात तासाला जवळजवळ १ मीटर. पहिला तास पाहून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारेच अडकतात, कारण मागे कडा असतो आणि पुढचं टोक आधी पाण्यात जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा फरक आणखी मोठा. ट्रेक एक दिवस पुढे गेला तर ओहोटीही साधारण ५० मिनिटं उशिरा येते; वेळ नव्याने काढावी लागते.

गाइडला एवढंच विचारा: उशीर झाला तर पायथा टाळून वरून जायची वाट कोणती, आणि किती वाजल्यानंतर तीच घ्यायची?

कातळकडा:
कड्याची कड दिसते तेवढी भरीव नसते. लाटा खालून कोरतात, वर गवताची जाड साय तशीच राहते. गवतात कडेला समांतर बारीक भेग दिसली की तिच्या अलीकडेच थांबा. मी तर कडेपासून ५ मीटरच्या आत कुणाला येऊ देऊ नये असंच म्हणेन. पावसानंतर त्याहून जास्त. फोटो बसून काढा. खाली चालताना कड्याला खेटून सावलीत बसायचा मोह टाळा, दगड तिथेच पडतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सॅकवरचं फडफडणारं रेनकव्हर वारा धरतं. जोराचा वारा असेल तर काढून आत ठेवा आणि सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा.

पायवाट:
एक गाइड दहा जणांना पुरेल?

घसारा:
सर्वात मागे वाट माहीत असलेला दुसरा माणूस असेल तर पुरेल. त्याच्याकडे शिट्टी, प्रथमोपचार आणि नकाशाची प्रत द्या. पुढचा दिसेनासा झाला की मागच्याने एक लांब शिट्टी द्यायची आणि सगळ्यांनी जागीच थांबायचं, हे निघण्याआधी ठरवा. गाइड मागे कुणाला ठेवायला तयार नसेल, तर दुसरा गाइड बघा.